गेलेल्या क्रेनचा घसारा

मंडळी, मला वीस मिनिटं मिळाली होती, त्यातली सहा शाल-श्रीफळात गेली. नारळ त्याच वर्षी खर्ची पडतो, झिजेपोटी त्याची किंमत वर्षावर्षाला वहीतून थोडीथोडी कमी करावी लागत नाही, म्हणजे त्याला घसारा नाही. त्यामुळे तक्रारही नाही.

पत्रिकेत विषय छापलाय, 'धातुविक्री कंपनीची निव्वळ स्थावर मालमत्ता'. त्यात 'स्थावर' कोणी घुसडलं? हायड्रा क्रेन दिवसभर गोदामात फिरते, ती कसली स्थावर! आपण सरळ नेट ब्लॉक म्हणू. शेड, क्रेन, पत्रा कापायची यंत्रं, वजनकाटा या सगळ्याच्या मूळ किमतीतून आजवरचा घसारा काढला की उरतो तो.

सीएच्या उमेदवारीत, म्हणजे आर्टिकलशिपच्या काळात मला कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर मालमत्ता मोजायला धाडलं. मे महिना, पत्र्याची शेड. रजिस्टरमध्ये पहिलीच नोंद: दहा टनी ईओटी क्रेन, छताखालच्या रुळांवर धावणारी. मी वर बघतोय. रूळ आहेत, क्रेन नाही. मला वाटलं, पलीकडच्या टोकाला असेल. तिकडे कबुतरं. गोदामवाले काका म्हणाले, "ती होय? गेली की भंगारात. दोन वर्षं झाली." लोखंडाच्या व्यापाऱ्यानं स्वतःची क्रेन किलोवर विकली, पैसे 'इतर उत्पन्नात' जमा, आणि वहीत तिच्यावर घसारा चालूच! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथे मेल्या म्हशीला वैरणही घातली जात होती.

उलटंही तिथेच दिसलं. कॉइलच्या पट्ट्या पाडणारं स्लिटिंग यंत्र वहीत जवळपास शून्यावर, गोदामात मात्र सकाळपासून खडखडाट. बँकेच्या साहेबांनी याच पेढीची कर्जमर्यादा अडवली होती, म्हणे, "तुमची यंत्रं संपलीत." वहीत संपली होती हो! पहिल्या रांगेतले बँकवाले हसत नाहीयेत, मी पुढे जातो.

चिठ्ठी आली. तीन मिनिटं. बरं.

एक कोटीचं यंत्र घ्या. कंपनी कायदा, 2013 च्या अनुसूची 2 प्रमाणे साधारण यंत्राचं आयुष्य 15 वर्षं. 5 टक्के अवशेष, म्हणजे आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत धरली, तर दरवर्षी समान घसाऱ्यानं तीन वर्षांनी उरतात 81 लाख. प्राप्तिकरात 15 टक्के दरानं घटत्या शिलकीवर, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा काढला, तर उरतात 61 लाख 41 हजार. यंत्र तेच. दोन पाळ्यांत चालवलं, तर कंपनी कायद्याप्रमाणे त्या काळाचा घसारा दीडपट. मग यातला 'खरा' आकडा कुठला? बाजारभाव यातला एकही नाही.

म्हणून नुसता नेट ब्लॉक वाचू नका, शेजारी मूळ किंमत ठेवा. दोन कंपन्यांचा नेट ब्लॉक पाच-पाच कोटी. एकीची मूळ किंमत सहा कोटी, दुसरीची वीस. दुसरीची यंत्रं वहीत तीन चतुर्थांश झिजलेली. घसारा आटत गेला की तिचा नफा गुबगुबीत दिसू लागतो, आणि नवं यंत्र घ्यायची वेळ आली की तोंडचं पाणी पळतं. शिवाय या धंद्यात खरा पैसा गोदामातल्या मालात आणि उधारीत. नेट ब्लॉक फुगतो तो विक्रेता पत्रा कापून, पट्ट्या पाडून द्यायला लागला की. आणि हो, मालकीच्या जमिनीला घसारा नसतो. ती आधी बाजूला काढा, नाहीतर जुनाट शेडसुद्धा तरुण दिसेल. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडाचं गणित आणखी निराळं, ते...

थांबतो, थांबतो. बँकवाल्या साहेबांनी हात वर केलाय, त्यांना माइक द्या.