एका काडीचं मत

मंडळी, ब्लाइथ हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी आज पहिल्यांदाच ऐकलं असेल. इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलच्या थोडं वर, उत्तर समुद्राच्या काठावरचं हे बंदर. एके काळी युरोपातल्या मोठ्या कोळसा-बंदरांत त्याची गणती व्हायची. मग खाणी एकामागून एक बंद पडल्या, बेट्स नावाची खाण १९८६ मध्ये. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं तिथून जवळच, क्रॅमलिंग्टनला राहत होतो. ब्लाइथला बाजाराला जायचो, समुद्रावर फिरायचो. म्हणून २०१७ च्या मे महिन्यातला तिथला कौन्सिलचा निकाल मला घरातल्या गोष्टीसारखा आठवतो.

आधी ही निवडणूक कसली ते सांगते. नॉर्थम्बरलंड कौंटीत २००९ पर्यंत वर कौंटी आणि खाली जिल्हे अशी दोन मजली रचना होती. त्या वर्षी जिल्हे मोडले आणि एकच कौन्सिल ठेवली. शाळा, रस्ते, कचरा, वाचनालयं, म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन होणारी देखभाल, सगळं तिच्याकडे. आपली जिल्हा परिषद आणि नगरपालिका एका छपराखाली आणली तर जे होईल, साधारण तसं. तेव्हा एकूण जागा ६७, म्हणजे बहुमताला ३४.

मतदान ४ मेला झालं. मीही मत दिलं, भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक तिथे रीतसर राहत असतील, तर त्यांना यादीत नाव घालून मत देता येतं. ही गोष्ट तिथल्या आपल्या कितीतरी लोकांना ठाऊकच नसते. मुलांनो, तुमच्यापैकी कुणी शिकायला तिकडे गेलात तर पहिल्या महिन्यात नाव नोंदवा. तेव्हा ओळखपत्रही लागायचं नाही, ती अट २०२३ पासून आली. नाव-पत्ता सांगितला, बाईंनी पट्टी ठेवून यादीत माझ्या नावापुढे रेघ ओढली आणि कागद हातात दिला. आडोशाला सुतळीने बांधलेली पेन्सिल. चौकोनात फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. बोटाला शाई नाही. घरी येईपर्यंत मी दोनदा बोटाकडे पाहिलं, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

इकडे असताना मी बँकेत होते. मतपत्रिकांच्या काळात मतमोजणीच्या टेबलावर ड्युटी केलेली आहे. त्यामुळे तिथली मोजणीही हातानेच होते हे कळल्यावर मला आपुलकी वाटली. शेजारच्या संडरलंडमध्ये तर निकाल लवकर लागावा म्हणून मोजणीला मुद्दाम बँकेतले रोखपाल बोलावतात! आधी पेटीत कागद किती निघाले याचा मेळ घालायचा, मग उमेदवारवार गठ्ठे. समोर उमेदवारांची माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली. फुलीऐवजी बरोबरची खूण असली किंवा खूण चौकोनाबाहेर गेली, तर तो कागद बाजूला काढून सर्वांना दाखवायचा. प्रश्न एकच, मतदाराला काय म्हणायचं होतं ते निःसंशय कळतंय का? कळत असेल तर मत धरायचं. या कामात मोजणाऱ्याच्या हाताला स्वतःची इच्छा असता कामा नये. टेबलावर बसलेल्या माणसाला हे किती अवघड जातं ते मी अनुभवलंय. एखादा गठ्ठा आपल्याही मनाला बरा वाटत असतोच.

तर साऊथ ब्लाइथ वॉर्ड. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या लेस्ली रिकर्बी यांना ३५६ मतं. कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे डॅनियल कार यांनाही ३५६. पुन्हा मोजलं, आकडा हलेना. इकडे कंझर्व्हेटिव्हांच्या ३३ जागा झालेल्या, ही एक मिळाली की बहुमत. शेवटी काड्या काढल्या. लांब काडी रिकर्बींच्या वाट्याला आली, आणि पूर्ण कौंटीत कंझर्व्हेटिव्ह ३३, लेबर २४, अपक्ष ७, लिबरल डेमोक्रॅट ३ असा निकाल लागला. कंझर्व्हेटिव्हांना अल्पमतातच कारभार हाती घ्यावा लागला.

आपल्याला यात नवल वाटायला नको. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या वॉर्ड २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा दोघंही ५,९४६ वर थांबले होते आणि चिठ्ठीने शहा निवडून आले. तेव्हाही लोक म्हणाले, तिकडेही म्हणाले, की ही लोकशाहीची थट्टा आहे. एवढा खर्च, एवढा प्रचार, आणि शेवटी काडी?

मला हे मुळीच पटत नाही. चिठ्ठी नको तर दुसरं काय, हे बघा. इंग्लंडने दुसरं करून पाहिलेलं आहे. १८८६ मध्ये मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइन गावात पार्लमेंटच्या जागेसाठी दोघांना ३,०४९ अशी सारखी मतं पडली. तेव्हाच्या नियमाने निर्णायक मत निवडणूक अधिकाऱ्याचं, म्हणजे गावच्या मेयरचं. त्यांनी ते कंझर्व्हेटिव्ह उमेदवार ॲडिसन यांना दिलं आणि ते खासदार झाले. आता विचार करा, १८७२ च्या कायद्याने सगळ्यांचं मत गुप्त झालं होतं. गिरणीतल्या कामगाराने कुणाला मत दिलं हे मालकाला कळायची सोय उरली नव्हती. गुप्त नव्हतं ते एकट्या मेयरचं, आणि नेमकं तेच सगळ्यांवर भारी पडलं. ज्याने मोजायचं त्यानेच ठरवायचं! टेबलावर बसलेली बाई म्हणून सांगते, या परीस मी काडी पत्करीन.

आज तिथल्या कौन्सिल निवडणुकीचा नियम असा आहे: मतं सारखी पडली तर अधिकाऱ्याने तिथल्या तिथे चिठ्ठी टाकावी, आणि ज्याच्या नावाने चिठ्ठी निघेल त्या उमेदवाराला जणू एक जास्तीचं मत पडलं असं धरून पुढे जावं. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६५ काढून वाचा, जवळजवळ हेच शब्द सापडतील. ‘जणू एक जास्तीचं मत’ हे शब्द मला फार आवडतात. ३५६ माणसांनी रिकर्बींना पसंत केलं, ३५६ जणांनी कार यांना, यातलं एकही मत काडीने खोडलं नाही. काडी कुणाच्या ओळखीची नव्हती, तिला पक्ष नव्हता, पुढच्या महिन्यात तिला कौन्सिलकडून कंत्राट नको होतं. दोघांच्या बाजूने माणसं सारखीच उभी आहेत, यापुढे कुणा अधिकाऱ्याच्या मताला जागा नाही, असं कायदा कबूल करतो. हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो.

काड्या निघाल्या तरी त्या ७१२ मतपत्रिका कुणी लगेच फेकत नाही. सीलबंद करून वर्षभर जपून ठेवतात, कुणी कोर्टात गेलं तर पुन्हा उघडता याव्यात म्हणून. मुदत संपली की नष्ट करतात.

आम्ही नंतर परत आलो. २०१९ च्या डिसेंबरात पार्लमेंटचे निकाल बघायला मी पहाटे उठून टीव्हीसमोर बसले होते. रात्रीच्या अगदी पहिल्या निकालांत ब्लाइथ व्हॅली आला. १९५० पासून जवळजवळ सलग लेबरच्या हातात असलेली खाणवाल्यांची ही जागा कंझर्व्हेटिव्ह इयन लेव्ही यांनी जिंकली होती. मताधिक्य ७१२. हा निव्वळ योगायोग आहे, मला माहीत आहे. तरी मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत ३५६ लिहिले, त्याखाली पुन्हा ३५६ लिहिले आणि बेरीज करून पाहिली.