अनंतावरचा बहुरूपी

श्रोतेहो, नमस्कार.

पावसानं उघडीप दिली की सकाळी दहाच्या सुमाराला मी आमच्या परड्यात घाणेरीच्या जाळीसमोर पाट टाकून बसते. गेल्या श्रावणात अशीच बसले होते, तोवर शेजारचा पोरगा ओरडला, "काकू, मागं सरा, भुंगा हाय त्यो!"

भुंगाच वाटावा असा होता खरा. गुबगुबीत, हिरवट-पिवळी लव, कमरेला तांबडा-काळसर पट्टा, शेवटी काळा झुपका आणि भुंग्यासारखाच घोंघावणारा. पण मी त्याला म्हटलं, बाळा, फुलाकडे बघ. भुंगा फुलावर बसला की त्याच्या वजनानं फूल वाकतं. इथं फूल जागचं हललंही नव्हतं. तो पाहुणा अधांतरीच थांबला होता. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लांब सोंड सोडून त्यानं फुलातला मध ओढला, बोटभर बाजूला सरकला आणि दुसऱ्या फुलात सोंड घातली.

हा पतंग. दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगांच्याच गोतातला, पण भर उन्हात उडणारा. शास्त्रीय नाव सेफोनोडिस हायलस. पतंगाचे पंख खवल्यांनी झाकलेले असतात, हात लावला की बोटाला भुकटी लागते. याचे पंख मात्र काचेसारखे आरपार, नुसत्या शिरा दिसणारे. त्याला नांगी नाही, विष नाही. ती सोंड टोचतही नाही.

मग हे भुंग्याचं सोंग कशाला? हेन्री वॉल्टर बेट्स नावाचे इंग्रज निसर्गअभ्यासक 1848 साली अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेले आणि 11 वर्षं तिथं राहिले. बेचव फुलपाखरांसारखी हुबेहूब दिसणारी दुसरीच फुलपाखरं त्यांना तिथं सापडली. 1862 साली त्यांनी त्याचा उलगडा मांडला: एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या रूपाच्या वाटेला पुन्हा जात नाही, आणि त्या धाकाच्या आडोशाला निरुपद्रवी जीव तगून जातो. गावात फौजदाराच्या वेशात बहुरूपी आला की क्षणभर आपलीही छाती धडधडते, तसंच हे. पण बहुरूपी थोडे आणि खरे फौजदार जास्त, तोवरच हा धाक चालतो. आणि सगळ्यांपुढे चालतो असंही नाही. आपल्याकडे तारेवर बसणारा वेडा राघू मधमाशी पकडतो, फांदीवर घासून तिची नांगी काढतो आणि गिळतो. माशी हेच ज्याचं जेवण, त्याच्यापुढे माशीचं सोंग घेऊन काय उपयोग?

पन्हाळ्याच्या वाटेवर पावसाळ्यात गवतात असाच आणखी एक भेटतो, काळा-पिवळा, गांधीलमाशीच्या रूपातला. तोही दिवसा उडणारा पतंगच, अमाटा गटातला. उडायला मंद, त्यामुळे निवांत बघता येतो.

आता मनातली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या अनंताची पानं कुरतडलेली दिसली. पानांखाली हिरव्यागार, बोटाएवढ्या अळ्या, शेपटाकडं एक शिंग. ते शिंग डसतं अशा समजुतीनं मी त्या सगळ्या वेचून रॉकेलच्या डब्यात टाकल्या. शिंग नुसतं दिसायला असतं, आणि त्या अळ्या याच काचपंखी पतंगाच्या, हे मला पुढं कळलं. फार वाईट वाटलं. तो मोठेपणी घाणेरीचा मध पितो, पण वाढतो अनंतावर, कॉफीवर, रानात गेळ्यावर. आता तुमच्या अनंतावर शिंगवाली अळी दिसली तर औषध मारू नका. चार पानं जातील, झाड पुन्हा फुटतं.

पुढच्या वर्षी मी दोन अळ्या काचेच्या बरणीत ठेवल्या, तळाला माती, रोज अनंताची ताजी पानं, तोंडाला फडकं. एक दिवस त्या मातीत शिरल्या. पंधरा-वीस दिवसांनी सकाळी एक पतंग काटकीवर चढून बसलेला, पंख चुरगळलेले. तासाभरात ते ताठ झाले, पण आरपार नव्हते! राखाडी खवल्यांनी झाकलेले होते. मला वाटलं, आपलीच ओळखण्यात चूक झाली. मी फडकं सोडलं. त्यानं पंख थरथरवले, पहिल्यांदाच वर उचलला गेला, आणि उडता उडता ती सगळी भुकटी झडली. बरणीच्या काठावर राखेसारखी धूळ उरली होती, आणि अनंताकडे निघालेल्या त्याच्या पंखांतून मला पलीकडची पानं दिसत होती.