स्लॉटमध्ये बसलं, पण डिस्प्ले नाही

[दृश्य: बाजूची काच काढलेलं कॅबिनेट. पंखे फिरताहेत. मॉनिटर काळा.]

पंखे फिरताहेत, नव्या ग्राफिक्स कार्डावरचे दिवे लागलेत, कीबोर्डही चमकतोय. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत दिवसभर ऐकू येणारी तक्रार ती हीच: "डिस्प्ले येत नाही."

मशीन घरीच जोडलेलं. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर, ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, आणि आजवर इमानदारीत चाललेलं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. मालक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. त्यानं आरटीएक्स ४०६० टीआय घेतलं, जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं आणि पडदा काळा. जुनं परत लावलं की सगळं सुरळीत. मित्रांनी फैसला देऊन टाकला: बोर्ड जुना झालाय, बदल.

बोर्ड बदलायचा म्हणजे प्रोसेसर बदलण्याचा मोह, मग रॅम. बघता बघता अख्खा पीसी नवा. म्हणून त्याआधी जरा थांबून बघू.

[दृश्य: रिकाम्या स्लॉटचा क्लोजअप. टोकाचा प्लास्टिकचा खटका.]

हा लांब स्लॉट पीसीआय एक्स्प्रेसचा. पहिलं मानक २००३चं. पुढे ३.० आलं, २०१७ साली ४.०, २०१९ साली ५.०. वेग प्रत्येक वेळी दुप्पट झाला, पण स्लॉटचा आकार तोच ठेवला. नवं कार्ड जुन्या बोर्डात आणि जुनं कार्ड नव्या बोर्डात चालावं, ही या मानकाची अटच आहे. दोघांत जो हळू, त्याच्या वेगानं काम चालतं. बी४५० बोर्ड ३.०चा आणि हे कार्ड ४.०चं असणं, हे काही पडदा काळा राहण्याचं कारण नाही.

आधी सोप्या गोष्टी. मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय ना? मागे बोर्डाचाही एचडीएमआय पोर्ट असतो आणि हात सवयीनं तिकडे जातो. रायझन ५ २६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे या मशीनवर तो पोर्ट मुकाच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं, त्यांचंही तेच. मग खटका. कार्ड पूर्ण आत गेलं की तो 'टक्' असा वाजतो. वजनदार कार्ड मागच्या बाजूनं बसतं आणि पुढून केसभर वर राहतं. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवायचा आपल्याकडचा जुना उपायही अगदीच टाकाऊ नाही, फक्त त्याची भुकटी स्लॉटमध्ये सांडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर तेच वापरा.

[दृश्य: बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे. एक सोडून सगळे विझतात.]

आता बोर्ड काय सांगतो ते पाहू. बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. चालू करताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. ज्या टप्प्यावर गाडी अडते, तो दिवा लागलेला राहतो. इथे राहिलाय व्हीजीएचा. प्रोसेसर पास, रॅम पास, अडलंय ते कार्डापाशी. विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. तरीही या टप्प्यावर ड्रायव्हर पुन्हा टाकण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

खरी गोम आहे ती या पहिल्या काही सेकंदांत. ग्राफिक्स कार्डावर एक छोटी चिप असते आणि तिच्यात कार्डाचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच साठवलेला प्रोग्रॅम. पडद्यावर पहिलं चित्र उमटवण्यासाठी बोर्डाला ते वाचावं लागतं. जुन्या काळी हे काम बायॉसच्या, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या, जुन्या पद्धतीनं व्हायचं. आता यूईएफआय या त्याच्या नव्या अवताराच्या पद्धतीनं होतं आणि त्यासाठी कार्डात जीओपी नावाचा भाग असतो. दस्तऐवज मोडीत आणि वाचणाऱ्याला फक्त बाळबोध येते, असं झालं तर मजकूर खरा असून उपयोग नाही. म्हणून बोर्डवाल्यांनी मोडी वाचणारा एक माणूस पदरी ठेवला. त्याचं नाव सीएसएम. जुन्या पद्धतीचं विंडोज आणि जुनी कार्डं त्याच्यामुळे चालत राहिली.

या मशीनवर सीएसएम चालू होतं. का, तर विंडोजची डिस्क आधीच्या पीसीतून जशीच्या तशी उचलून आणलेली. विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेलं, डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर नावाची. तसं ते वर्षानुवर्षं विनातक्रार चालतं. पण आरटीएक्स ४०६० टीआय बाजारात आलं त्याच वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, काही बोर्डांवर सुरुवातीला पडदा कोरा राहतो हे खुद्द एनव्हिडियानं मान्य केलं आणि कार्डाचं फर्मवेअर सुधारणारं साधन दिलं. २०२५ मध्ये ५०६० मालिकेसाठीही तसंच साधन द्यावं लागलं. गंमत अशी, की ते साधन चालवायला कार्ड लावून विंडोज तर सुरू व्हायला हवं! म्हणून कंपनीचाच दुसरा सल्ला आधी पाळायचा: बोर्डाचं बायॉस अद्ययावत करा आणि सीएसएम सोडून यूईएफआयवर या.

[दृश्य: जुनं कार्ड परत स्लॉटमध्ये. पडद्यावर विंडोज.]

इथे क्रम महत्त्वाचा. जुनं कार्ड लावा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा. विंडोज १० पासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आतच मिळतं. त्यानं आधी नुसती तपासणी करून घ्या, मग डिस्क जीपीटीवर, म्हणजे यूईएफआयला लागणाऱ्या नव्या मांडणीवर, आणा. हे न करता सीएसएम बंद केलंत, तर डिस्प्ले येईल, पण विंडोज सापडणार नाही आणि एक भानगड मिटवताना दुसरी उभी राहील.

मग बायॉस. बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची फाइल घ्या आणि तिच्याखालची टीप वाचा. बी४५० बोर्डांवर नव्या रायझनना जागा करून देताना काही आवृत्त्यांतून जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकलाय. आणि हे काम यूपीएसवरच करा. पावसाळ्याच्या संध्याकाळी, लाइटचा भरवसा नसताना तर नकोच. अर्ध्यावर वीज गेली की चांगला चाललेला बोर्डही हातचा जातो.

एवढं करून सीएसएम बंद केलं, जुन्या कार्डावर विंडोज नीट उठतंय हे पाहिलं, आणि मग नवं कार्ड लावलं. व्हीजीएचा दिवा क्षणभर लागला आणि विझला.

उलटा प्रकारही घडतो. नव्या बोर्डावर सीएसएम बहुधा बंदच येतं. त्यात कुणी कपाटातलं जीटीएक्स ५६० काढून लावलं, तर कार्डात जीओपी नसल्यामुळे पडदा तितकाच काळा.

[दृश्य: एसएमपीएसच्या केबली. दोन आठ पिनांचे कनेक्टर शेजारी शेजारी.]

विजेचा हिशोब वेगळा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची केबल आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. साधं १०५० टीआय स्लॉटवरच भागवायचं. ४०६० टीआय मागतं १६० वॅट, आणि एनव्हिडिया एसएमपीएस ५५० वॅटचा सुचवते. आता हे दोन कनेक्टर नीट बघा. दोन्ही आठ पिनांचे. एक प्रोसेसरचा, चार अधिक चार. दुसरा कार्डाचा, सहा अधिक दोन. दोन्हींत बारा व्होल्ट आणि ग्राउंडच्या रांगा उलट्या आहेत. खाचा जुळत नाहीत त्या मुद्दामच, पण जोर लावणारे जोर लावतात.

[दृश्य: पडद्यावर जीपीयू-झेडची खिडकी.]

शेवटची तपासणी वेगाची. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'बस इंटरफेस'ची ओळ बघा. कार्ड निवांत असताना ती पीसीआय एक्स्प्रेस १.१ दाखवते, म्हणून लगेच घाबरू नका. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून कार्डाला काम द्या, मग खरा आकडा दिसतो. इथे दिसतंय ३.०, आठ लेन, म्हणजे डेटा जायच्या आठ वाटा. कार्डच आठ लेनचं आहे, तेव्हा लेन बरोबर. दर सेकंदाला साधारण आठ जीबी जाण्याइतका रस्ता या कार्डाला बहुतेक खेळांत पुरतो. २०२२चं आरएक्स ६५०० एक्सटी असतं तर गोष्ट वेगळी होती. त्याला चारच लेन आणि मेमरीही ४ जीबी, त्यामुळे ३.०च्या बोर्डावर ते चांगलंच मार खातं.

बोर्ड जागचा हलला नाही. विद्यार्थ्यानं बाजूला काढलेले पैसे गेले ते नव्या एसएमपीएसवर, ५५० वॅटच्या.