दगड आधी, पट्टा नंतर : वस्तऱ्याच्या धारेबद्दल थोडं

नमस्कार मंडळी. आज वस्तऱ्याबद्दल बोलूया. सलूनमध्ये हल्ली ब्लेड बदलायचा असतो तो नव्हे, एकाच सलग पात्याचा, घडी करून मुठीत जाणारा जुन्या पद्धतीचा वस्तरा. ज्यांनी हौसेने तो वापरायला घेतलाय त्यांच्यातल्या खूप जणांची तक्रार एकच असते. दाढी होते, पण केस ओढल्यासारखे वाटतात, मान दिवसभर जळजळते, पुरळ येतं. मग कुणी साबण बदलतो, कुणी क्रीम बदलतो, कुणी म्हणतो माझी कातडीच नाजूक, मला वस्तरा मानवत नाही. कातडी नाजूक असेलही हो, पण आधी धार तपासा. आणि धार तपासायची म्हणजे पट्ट्यावर (एक बाजू कापडाची, एक चामड्याची, दगडानंतर धार त्यावर फिरवतात) अजून चार हात मारायचे असं नाही, कारण बरेचदा गडबड झालेली असते ती पहिल्या, जाड कणांच्या दगडावर, जिथे कुणाचं नीट लक्षच नसतं.

आधी वस्तऱ्याची रचना समजून घेऊ, कारण ती समजली की निम्मं काम सोपं होतं. चाकूला धार लावताना कोन आपल्या हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो कोन कारागिराने पात्यातच घालून ठेवलेला असतो. पात्याची पाठ जाड असते ना, ती उगाच नाही. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची, की कोन आपोआप बसतो, बहुतेक वस्तऱ्यांत दोन्ही बाजू धरून साधारण १६ ते १८ अंश. घासताना धार झिजते तशी पाठही थोडीथोडी झिजते, म्हणून वर्षानुवर्षं वापरला तरी कोन जवळपास तोच राहतो. इतकी हुशार रचना आहे ही, आणि आपण फक्त एकच गोष्ट सांभाळायची, पाठ उचलायची नाही. दगडावरही नाही आणि पट्ट्यावरही नाही.

आता धार जाते तरी कशी? केस तर पोलादापेक्षा कितीतरी मऊ, जवळजवळ ५० पट. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी यावर काम केलं आणि ते २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांनी केस कापताना पातं बघितलं. धार हळूहळू गोल होत जाते एवढंच त्यात नव्हतं, तिचे बारीक टवके उडत होते. केस कापताना वाकतो, धारेवर तिरका जोर येतो, आणि पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे जिथे कमजोर जागा असेल तिथे टवका उडतो. त्यांनी तपासलेली पाती डिस्पोजेबल रेझरची होती, पण ही गोष्ट वस्तरेवाल्यांनीही मनावर घ्यावी असं मला वाटतं. दाढीआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने केस भिजवणं, फेस नीट मुरू देणं, कातडी ताणून धरणं, हे सगळं गालासाठी आहेच, पण ते धारेसाठीही आहे.

आता दगड. जुने लोक नैसर्गिक दगड वापरायचे आणि अजूनही वापरतात. बेल्जियमच्या आर्डेन भागातला पिवळसर कोटिक्यूल प्रसिद्ध आहे, त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे अतिबारीक कण असतात आणि तेच पोलाद कापतात. जर्मनीत थुरिंगियाचे दगड, जपानमध्ये क्योटोच्या आसपासच्या खाणींतले. फार सुंदर असतात हे, पण प्रत्येक दगड वेगळा वागतो, म्हणून शिकताना माझं मत स्पष्ट आहे, कृत्रिम दगड घ्या ज्यावर नंबर लिहिलेला असतो. १०००, मग ३००० किंवा ४०००, मग ८०००, आणि शेवटी १२०००. नंबर वाढतो तसे कण बारीक होतात. हजारच्या दगडात ते साधारण १५ मायक्रॉनच्या आसपास असतात, आठ हजारात एक ते तीन मायक्रॉन, कंपनीप्रमाणे फरक पडतो. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

दगड सपाट हवा. दिसायला सपाट असून चालत नाही, खरोखर सपाट. पेन्सिलने त्यावर चौकटी आखा, जाड काचेवर पाण्याने भिजवलेला वॉटरपेपर पसरा आणि त्यावर दगड घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला, मध्येच रेघ उरली तर तिथे खड्डा आहे. नवा कोरा दगडसुद्धा बरेचदा सपाट नसतो, तेव्हा तो आणल्या आणल्या वापरायला घेऊ नका.

आता मुद्द्याचं. धारेच्या दोन्ही अंगांना जो बारीक, चपटा उतार असतो त्याला बेव्हल म्हणतात. हे दोन उतार एकमेकांना अगदी टोकाला भेटले की धार तयार झाली. भेटले नाहीत, मध्ये केसाच्या शंभराव्या हिश्शाइतकी जरी सपाट जागा राहिली, तर वस्तरा कापणार नाही, ओढणार. आणि ही भेट घडवायचं काम हजारच्या दगडाचं आहे. पुढचे दगड फक्त हजारने पाडलेले ओरखडे घालवतात, ते नवी धार तयार करत नाहीत, म्हणजे करू शकतील पण तुमचा जन्म जाईल. लोक नेमकं इथेच घाई करतात. हजारवर थोडं घासलं, चकाकी दिसायला लागली, की चला आठ हजारवर, मग बारा हजार, मग पट्टा. भिंतीचे पोपडे न काढता वरून महागडा रंग मारावा तसं होतं ते. पातं आरशासारखं चमकतं आणि गालावर खरवडतं.

मग बेव्हल झालं हे ओळखायचं कसं? सोपा उपाय, धारेच्या दोन्ही बाजूंना पर्मनंट मार्कर फिरवा आणि दगडावर दोन-तीन हलके हात मारा. जिथली शाई गेली तिथे दगड पोचतोय, जिथे राहिली तिथे नाही. बरेचदा मधला भाग स्वच्छ आणि टोकाकडे नाहीतर मुठीकडे शाईची बारीक काळी रेघ धारेला चिकटलेली दिसते, ती रेघ म्हणजेच उद्याची जळजळ. दुसरा उपाय, धार वर करून कडक उजेडात धरा आणि थेट धारेवर बघा. धारेवर कुठेही पांढरा ठिपका चमकला तर तिथे ती बोथट आहे, खऱ्या धारेवरून प्रकाश परत येतच नाही, तिथे काळोखच दिसतो. आणि तिसरा, हातावरची लव. हजारच्या दगडावरूनच वस्तऱ्याने कातडीलगत लव कापली पाहिजे, मुठीपासून टोकापर्यंत प्रत्येक जागेने. एखाद्या जागेने कापली म्हणजे झालं असं नाही. पातं फक्त लवेवरून न्या, कातडीवर दाबू नका.

घासायचं कसं तेही सांगतो. दगडावर पाणी, पातं आडवं टेकवलेलं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, आणि धार पुढे ठेवून ढकलायचं. बहुतेक दगड पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असतात म्हणून सरळ न ढकलता तिरकं न्यायचं, म्हणजे मुठीकडून सुरू करून टोकाकडे संपेल असं. मग पाठीवर पातं उलटवायचं, धार वर करून, आणि दुसऱ्या बाजूने परत. नीट लक्ष दिलंत तर धारेसमोर पाण्याची एक बारीक लाट पळताना दिसेल. धार तयार व्हायला लागली की ते पाणी धारेखाली जायच्याऐवजी पात्यावर चढायला लागतं, आणि लांबीभर सारखं चढलं की समजा सगळीकडे संपर्क आहे. जिथे चढत नाही तिथे पुन्हा मार्कर लावून बघा. एकदा डोळा बसला की ही खूण फार कामाची आहे.

जोर हा विषय वेगळा सांगतो कारण त्यातच सगळं बिघडतं. पोकळ घासलेलं, म्हणजे दोन्ही अंगांनी आत खोलगट केलेलं पातं धारेजवळ इतकं पातळ असतं की नुसत्या बोटाच्या दाबाने वाकतं. तुम्ही दाबलंत की धार दगडावरून किंचित उचलली जाते, दगड धारेच्या मागची जागा घासत बसतो, आणि तुम्हाला वाटतं इतका वेळ घासतोय तरी धार का येत नाही. म्हणून हजारवर सुरुवातीला अगदी थोडा जोर चालेल, नंतर तो कमी करत जायचा आणि शेवटच्या दगडावर नुसतं पात्याचं वजन. बोटं फक्त दिशा देणार. पाठ झिजू नये म्हणून काही लोक त्यावर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावतात, त्याने कोन किंचित वाढतो, काही बिघडत नाही, पण मग प्रत्येक वेळी तेवढीच टेप लावायची.

आठ हजारवरून बारा हजारवर जाताना पातं आणि हात धुवून घ्या, आधीच्या दगडाचा एक जाड कण पुढे आला तर पुन्हा ओरखडा पडतो.

आता पट्टा. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर बरोबर उलट, पाठ पुढे आणि धार मागे. इथे गल्लत झाली तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. पट्टा खिळ्याला अडकवून ताणून धरायचा, झोळ पडू द्यायचा नाही. पट्टा झोळला की चामडं धारेभोवती गोल वळतं आणि दगडावर कमावलेली धार तिथेच गोल करून टाकतं. आधी कापडी बाजूवर २०-३० फेऱ्या, मग चामड्यावर ४०-६०. पट्ट्याच्या टोकाला पोचलात की मनगट वळवू नका, मुठीजवळची पोलादाची दांडी अंगठा आणि तर्जनीत गोल फिरवा, पातं पाठीवर उलटेल. पाठ कधीच पट्टा सोडत नाही. सटासट हात चालवायची हौस सगळ्यांना असते, मी म्हणेन सोडा ती, हळू करा, वेग नंतर आपोआप येतो आणि नाही आला तरी धारेला त्याची गरज नाही. कान द्या. पोकळ पात्याचा पट्ट्यावर एक सलग आवाज येतो, तो मध्येच बदलला म्हणजे कोन हलला किंवा पट्ट्यावर ओरखडा आहे.

हिरवी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, तिचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे, ती रोजच्या पट्ट्यावर लावू नका. वेगळा तुकडा ठेवा आणि धार जरा उतरल्यासारखी वाटली की पाच-दहा फेऱ्या, बस. फार वापरली की धार गोलसर होते. माझ्या मते पेस्टचं जरा जास्तच कौतुक होतं, चांगलं बेव्हल आणि स्वच्छ पट्टा असेल तर ती क्वचितच लागते.

आणि दाढी करताना धार स्वतःच सांगते तिचं काय दुखतंय. पातं गालाशी ३० अंशांच्या आसपास, कातडी ताणलेली, छोटे हात, आधी केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेने आणि नंतर आडवं. तरी सगळीकडे ओढत असेल तर बेव्हलच पूर्ण नाही, परत हजारवर, दुसरा इलाज नाही. फक्त टोकाने किंवा फक्त मुठीकडच्या भागाने ओढत असेल तर तेवढीच जागा दगडाला लागली नाहीये, मार्कर काढा. केस सहज कापले जातायत पण कातडीला बोचतंय, नंतर आग होतेय, तर धारेच्या टोकावर धातूची बारीक तार उरलीय, जास्त घासल्याने किंवा जास्त दाबल्याने येते ती. बारा हजारवर काही अगदी हलके हात आणि मग कापडी पट्टा, बरेचदा तेवढ्याने जाते. पहिल्या दिवशी छान झाली आणि चौथ्या दाढीला ओढायला लागलं तर दगडाला दोष देऊ नका, पट्ट्यावरचा हात बघा, पाठ उचलली जातेय किंवा पट्टा झोळतोय. आणि धार उत्तम असूनही गाल लाल होत असेल तर तुम्ही दाबताय, धारदार वस्तऱ्याला दाबावं लागत नाही.

जुना वस्तरा मिळाला असेल तर आधी पात्याला चीर नाही ना ते बघा, चीर असेल तर तो वापरायचा नाही, कितीही सुंदर असो. धारेपर्यंत गंजाने खड्डे पडले असतील तर तिथे धार टिकणार नाही. आणि एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरायचा नाही, रक्तातून आजार जातात, सलूनमध्ये बदलायचं ब्लेड आलं ते त्यामुळेच.

दाढी झाली की पातं धुवा, पाठीकडून धारेकडे पुसा, धारेवरून आडवं फडकं फिरवू नका. कापडी पट्ट्यावर थोडे हात मारले की धारेतला ओलावाही जातो. कार्बन स्टीलचं पातं असेल आणि रोज वापरणार नसाल तर तेलाचा थेंब लावा, आणि वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका, तिथली दमट हवा धारेला डोळ्यांना न दिसणारा गंज चढवते. अशी काळजी घेतली तर दगड काही महिने लागत नाही. पट्टा मारूनही धार परत येईना की मगच दगड काढा, आणि तोही आठ हजार किंवा बारा हजारचा, थोड्याच फेऱ्या. टवका उडाला असेल किंवा वस्तरा हातातून पडला असेल तरच हजारचा दगड पुन्हा बाहेर काढायचा, आणि काढलात की मार्करसुद्धा सोबत घ्या. नमस्कार.