लेथ आला, आता पुढे?

(दृश्य : मस्जिद स्टेशनबाहेरची सकाळ. हातगाड्या, डोक्यावर पाट्या घेऊन निघालेले हमाल. मग नागदेवी स्ट्रीटवरची दुकानं.)

निवेदन :

मुंबईत मस्जिद स्टेशनवर उतरून पश्चिमेला काही मिनिटं चाललं की नागदेवी स्ट्रीट लागतो. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानांत कारखान्याला लागणारं झाडून सगळं. ड्रिल, टॅप, चक, बेअरिंग, पट्टे, ग्राइंडिंगचे दगड. लुधियाना-जालंधरची हत्यारं इथे येतात, नाशिकच्या टपारियाचे पाने इथे येतात. पुण्यात हेच काम रविवार पेठेतली बोहरी आळी करते, कोल्हापुरात उद्यमनगर.

या गल्ल्यांमधलं बहुतेक गिऱ्हाईक कारखान्यांचं. पण त्यांच्या गर्दीत एक वेगळा माणूसही दिसतो. त्याच्याकडे कंपनीची ऑर्डर नसते, हाताने लिहिलेली यादी असते. कुणी निवृत्त टर्नर, कुणी जुनी बुलेट पुन्हा उभी करणारा, कुणी दुर्बिणीचा माउंट घरी बनवणारा. याने घराच्या पडवीत किंवा गाडीच्या शेडमध्ये लेथ, म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवत कापायचं यंत्र, बसवलाय. आजचा आपला विषय आहे हा माणूस आणि त्याची यादी.

(दृश्य : टेम्पोतून उतरणारा जुना लेथ. बेडवर, म्हणजे त्याच्या लांब लोखंडी पायावर, ग्रीस आणि धूळ.)

लेथ निवडताना लोक महिनोन्‌महिने घालवतात. राजकोटचा नवा साडेचार फुटी घ्यावा, की कर्नाटकातल्या हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा जुना घ्यावा? तो कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याच्या लेथचं नाव निघालं की जुने टर्नर आजही मान डोलावतात. हा सगळा विचार करावाच. मात्र लेथवर सगळे पैसे संपवू नयेत. नुसता लेथ काही कापत नाही. जॉब, म्हणजे ज्याच्यावर काम करायचं तो तुकडा, धरायला, मापायला आणि कापायला जे लागतं, त्याचा खर्च बघता बघता मशीनच्या किमतीशी बरोबरी करतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : जॉब धरणारी आणि मापणारी वस्तू आधी घ्या, आणि ती चांगली घ्या. कापणारं टूल स्वस्तात सुरू करता येतं.

आधी धरण्याचं बघू.

(दृश्य : काउंटरवर ठेवलेला थ्री-जॉ चक. जबड्यांवरचे आकडे जवळून.)

चक म्हणजे जॉब पकडून फिरणारा लेथचा पंजा. तीन जबड्यांचा थ्री-जॉ चक हातात घेतला की त्याच्या जबड्यांवर १, २, ३ असे आकडे दिसतात. जबडे त्याच क्रमाने बसवायचे असतात. चकवर सीरियल नंबर असेल, तर जबड्यांवरही तोच आहे ना, हे बघा. भंगारातून आलेल्या चकमध्ये दुसऱ्याच चकचे जबडे घातलेले सापडतात, आणि मग तो चक कधीच सरळ धरत नाही. बाहेरून धरायचे आणि आतून धरायचे, असे जबड्यांचे दोन संच मिळायला हवेत. वापरलेला चक असेल तर एक ग्राइंड केलेला सरळ रॉड सोबत न्या. तो चकमध्ये धरा आणि पुढच्या बाजूने उजेडाकडे बघा. जबड्याच्या तोंडाशी फट दिसली, तर जबडे पुढून झिजलेत. तो चक फक्त मागे पकडेल आणि जॉब थरथरेल.

नवा, बऱ्यापैकी थ्री-जॉसुद्धा मिलिमीटरच्या पाच-दहा शतांशांनी इकडेतिकडे असतो. एकाच पकडीत पूर्ण होणाऱ्या कामाला तेवढं चालतं. जॉब काढून उलटा धरायचा असेल, तर चार जबड्यांचा फोर-जॉ लागतो. त्याचा प्रत्येक जबडा स्वतंत्र सरकतो. डायल, म्हणजे शतांश दाखवणारं घड्याळासारखं मापक, लावून, समोरासमोरचे दोन जबडे सैल-घट्ट करत जॉब एका शतांशापर्यंत मध्यावर आणता येतो. नवशिक्याला हे कंटाळवाणं वाटतं, पण आठवडाभरात हात बसतो. एकच चक घेण्याइतके पैसे असतील, तर मी फोर-जॉ घेईन. गोल, चौकोनी, वेडावाकडा, कसलाही तुकडा तो धरतो.

(दृश्य : दुकानातला संवाद.)

“शेठ, टेलस्टॉकला बसणारं रिव्हॉल्व्हिंग सेंटर द्या.”

“टेपर किती नंबर?”

इथे अनेकांची वाट अडते. टेलस्टॉक म्हणजे चकसमोरचा भाग; त्यात बसवलेलं रिव्हॉल्व्हिंग सेंटर, म्हणजे फिरतं टोक, जॉबला दुसऱ्या बाजूने आधार देतं. टेलस्टॉकच्या भोकाला मोर्स टेपर, म्हणजे ठरावीक मापाचा निमुळता उतार, असतो. छोट्या लेथवर बहुधा दोन नंबर, थोड्या मोठ्यावर तीन. घरून निघायच्या आधी भोकाचं तोंड मापून या. अठरा मिलिमीटरच्या आसपास असेल तर दोन नंबर, चोवीसच्या आसपास असेल तर तीन. स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, नाकाचंही तसंच. चकमागची प्लेट त्यावर बसायला हवी, त्यामुळे आट्यांचं माप किंवा बोल्टची रचना कागदावर लिहून आणा. फोटो पुरत नाही.

(दृश्य : व्हर्निअर, मायक्रोमीटर, मॅग्नेटिक बेसवरचा डायल.)

मापण्याचं सामान सेकंडहँड घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ०.०२ मिलिमीटरचा साधा व्हर्निअर, शून्य ते पंचवीसचा ०.०१ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, आणि मॅग्नेटिक बेससकट एक डायल. एवढ्यावर घरचं वर्कशॉप वर्षानुवर्षं चालतं. व्हर्निअर घेताना जबडे मिटून उजेडासमोर धरा. मधून प्रकाशाची रेघ दिसली तर तो परत द्या. मित्सुतोयो या जपानी कंपनीच्या नावाचे नकली डिजिटल व्हर्निअर बाजारात फिरतात. डबा, अक्षरं, सगळं सारखं दिसतं. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पक्कं बिल मागा.

माप घेण्याचंही एक तंत्र आहे. पंचवीस मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट कापून कापून तीस अंशांनी तापला, तर तो जवळजवळ एक शतांश फुगतो. गरम जॉब मापून कट पूर्ण केला, की थंड झाल्यावर बेअरिंग त्यावर ढिलं बसतं. नागपूरच्या उन्हाळ्यात मायक्रोमीटर आणि जॉब दोन्ही पोलादी आणि सारखेच तापलेले असतात, तेव्हा फार बिघडत नाही. बिघडतं ते नुकत्याच कापलेल्या जॉबवर. तेव्हा थोडं थांबावं.

(दृश्य : ग्राइंडरवर धार लागताना उडणाऱ्या ठिणग्या.)

आता कापण्याचं. सुरुवात एचएसएसच्या, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या, चौकोनी बिटने (धार लावून कापायच्या कांडीने) करा आणि सोबत सहा इंची बेंच ग्राइंडर घ्या. त्याला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पांढरा दगड बसवा. कार्बाइडच्या, म्हणजे त्याहून कडक, टूलला हिरवा दगड लागतो, तो वेगळा. धार स्वतः लावता आली की एकाच बिटमधून टर्निंग टूल, पार्टिंग टूल, आटे पाडायचं टूल, हवं ते घडतं. कार्बाइड इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या तयार तुकड्याची, चमक डोळ्यांत भरते, पण ते वेग मागतं. पंचवीसच्या माइल्ड स्टील बारला एचएसएस मिनिटाला तीस मीटरने कापतं, म्हणजे सुमारे ३८० आरपीएम. कार्बाइडला एकशेवीस मीटर द्यायचे तर दीड हजारांवर जावं लागतं. जुना, हलका लेथ तिथे थरथरतो. इन्सर्ट घ्यायचंच असेल, तर ॲल्युमिनियमसाठी बनवलेलं, धारदार, घासून चकचकीत केलेलं घ्या. हलक्या मशीनवर ते पोलादालाही बारीक कट छान घेतं.

टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायची हत्यारं, मात्र स्वस्तातले नकोत. कार्बन स्टीलचा टॅप भोकात तुटला की जॉबही गेला. एचएसएसचे एम४, एम५, एम६, एम८, एम१० एवढे आधी पुरेत. टॅपच्या आधी पाडायच्या भोकासाठी एम६ला पाच मिलिमीटरचं ड्रिल, एम८ला ६.८, एम१०ला ८.५. आपल्याकडच्या जुन्या यंत्रांवर व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, आटे अजून जिवंत आहेत, त्यामुळे पाव इंची बीएसडब्ल्यूचा (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) एक सेट सोबत ठेवावा.

(दृश्य : गुलालवाडीतली पितळेची आणि स्टीलची दुकानं. तराजू.)

कच्चा माल मुंबईतल्याच गुलालवाडीत वजनावर मिळतो. गोल पोलादी बारचं वजन काढायची युक्ती दुकानातल्या पोऱ्यालाही पाठ असते : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. पंचवीसचा बार मीटरला ३.८६ किलो भरतो. शिकताना ईएन१ए या पोलादाचा बार घ्या. तो कापायला मऊ आणि त्यावर फिनिश सुरेख येते. बांधकामाची टीएमटी सळई लेथवर लावू नका. तिचा वरचा थर पाण्याने कडक केलेला असतो आणि आतला मऊ, त्यात बिट आधी घासतं आणि मग अचानक आत घुसतं.

(दृश्य : भिंतीवरचा एमसीबी, मोटरचा उघडलेला डबा.)

जुन्या लेथची मोटर बहुधा थ्री-फेज असते, घरात मात्र सिंगल फेज. मोटर बदलायची घाई नको. सिंगल फेज घेऊन २३० व्होल्ट थ्री-फेज देणारा व्हीएफडी मिळतो आणि त्याने वेगही हवा तसा बदलता येतो. मोटरची प्लेट वाचा. तिच्यावर २३० डेल्टा, ४१५ स्टार (वायरी जोडायच्या दोन पद्धती) असं लिहिलेलं असेल आणि डब्यात सहा वायरी असतील, तर डेल्टा जोडणी करून ती चालते. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि अर्थिंग तपासायला लावा. बाजाराच्या फेरीत गॉगलही घ्या. हातमोजे मात्र लेथजवळ नकोत, फिरत्या चकमध्ये ते हात ओढतात.

डिव्हायडिंग हेड, मिलिंग अटॅचमेंट, कोलेटचा पूर्ण संच, हे सगळं राहू द्या. एखादा जॉब त्यांच्यावाचून अडेल, तेव्हा आणा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर यादीत आणखी एक ओळ हवी : ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल आणि सुती फडकी. पावसाळ्यात उघड्या बेडवर एका रात्रीत तांबूस डाग येतात. काम संपलं की बुरादा ब्रशने झाडा, बेड पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा. मायक्रोमीटर डब्यात ठेवताना त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवू नका, बारीकशी फट राहू द्या.