ज्या रानाला राखणदार नाही

श्रोतेहो, नमस्कार.

भुताची गोष्ट कोणी चपलांपासून सुरू करत नाही. मी आज करणार आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. नवस फेडायला लोक तिथे केळ्यांचे घड आणतात आणि चामड्याच्या चपला आणतात, चांगल्या लांबरुंद. कारण देव रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात. सात-आठ वर्षांचा असताना मी मामाबरोबर गेलो होतो. तिथला एक जुना जोड उचलला आणि तळ उलटा करून पाहिला. टाचेकडे झिजलाय असं मला अगदी स्वच्छ दिसलं. मामाने हातावर फटका दिला. "ठेव तां थंयच!" म्हणाला, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक इंग्रजी कथा वाचताना तो जोड मला आठवला. कथा कॅनडातल्या अरण्यातली. तिच्यात एक वाटाड्या तंबूतून नाहीसा होतो आणि मग त्याचा आवाज येतो तो वरून, झाडांच्या शेंड्यांच्याही वरून. वाचवा, वाचवा असं तो म्हणत नाही. पायांची आग होतेय म्हणून ओरडतो. कोणीतरी त्याला इतक्या वेगाने नेतंय, की तळपाय जळताहेत.

आमच्याकडे देवाच्या चपला झिजतात, तिथे माणसाचे पायच जळतात. आजचं माझं सगळं बोलणं या एवढ्याशा फरकावर आहे.

'द वेंडिगो' नावाच्या या कथेचा लेखक अल्जरनॉन ब्लॅकवुड. जन्म 1869, मृत्यू 1951. वडील ब्रिटिश टपाल खात्यात फार मोठ्या हुद्द्यावर, आणि घरात कडक ख्रिस्ती वळण. अशा घरात पोराच्या हाती एक दिवस पतंजलीच्या योगसूत्रांचं भाषांतर लागलं आणि ते त्याच्या डोक्यातून कधीच गेलं नाही. विशीत तो कॅनडाला गेला. दुधाच्या धंद्यात पडला, तो बुडाला. हॉटेल काढलं, तेही बुडालं. (धंदा जमत नाही म्हणून आपण मराठी माणसं उगाच स्वतःला बोल लावून घेतो!) मग न्यूयॉर्कला वर्तमानपत्राचा बातमीदार झाला, उपाशी राहिला, आणि जमेल तेव्हा रानात पळाला.

म्हातारपणी हा गृहस्थ नेमकं तेच करत होता जे मी आत्ता करतोय. बीबीसीच्या रेडिओवरून गोष्टी सांगत होता. 1936 साली तिथे दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्यावरही दिसला. पण मला वाटतं, त्याची खरी जागा रेडिओच. त्याच्या कथांमधलं भय डोळ्यांपेक्षा कानाला आणि नाकाला आधी कळतं.

1900 च्या उन्हाळ्यात तो एका मित्राबरोबर लहानशा कॅनेडियन होडीतून डॅन्यूब नदी उतरत गेला. त्या प्रवासातून पुढे 1907 मध्ये 'द विलोज' ही दीर्घकथा आली. व्हिएन्ना मागे पडलं आहे, बुडापेस्ट अजून लांब आहे, आणि मधे नदी फाटून शेकडो फाटे होतात. वाळूची बेटं, दलदल, आणि जिकडे पाहावं तिकडे विलोची झुडपं. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असते ना, तिच्याच कुळातली ही. मोठं झाड व्हायचं हिच्या नशिबी नाही, नुसती वाऱ्यावर डुलणारी, कमरेएवढी, डोक्याएवढी झुडपं. नदीला पूर आलेला. कथा सांगणारा आणि त्याचा स्वीडिश सोबती एका बेटावर मुक्काम करतात, आणि ते बेट कडेकडेने खचत जातं आहे. वाटेतल्या गावात, सामान घेताना, एका हंगेरियन अधिकाऱ्याने जाऊ नका म्हणून सांगितलेलं असतं. संध्याकाळी लांबून एक माणूस होडीतून वाहत जाताना दिसतो. तो हातवारे करून काहीतरी ओरडतो, छातीवर क्रूस काढतो आणि दिसेनासा होतो.

बस. भूत म्हणून यापुढे जवळजवळ काहीच येत नाही. येतं ते असं: सकाळी उठून पाहतात तर होडीच्या तळाला एक लांब, सुबक चीर पडलेली. वल्ह्यांपैकी एक गायब. आणि उरलेलं वल्हं कोणीतरी घासून घासून इतकं पातळ केलंय, की पहिल्याच जोरात मोडावं. मी स्वतः खाडीत होडी वल्हवलेली आहे, म्हणून मला हे वल्हं फार लागतं. वल्हं तुटलेलं असेल तर निदान कळतं तरी. वरून धड दिसणारं, हातात घेतल्यावर हलकं लागणारं वल्हं म्हणजे, तुम्ही भर प्रवाहात पोचल्यावर काय व्हावं हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलंय. वाळूत पेल्याएवढे, घमेल्याएवढे खड्डे पडलेले, नरसाळ्यासारखे खाली निमुळते होत गेलेले. आणि सतत एक घुमणारा आवाज, काशाच्या मोठ्या थाळीवर टोला पडून गेल्यावर मागे रेंगाळतो तसा. तो कुठून येतो सांगता येत नाही. डोक्यावरून येतो, पाण्यातून येतो, कधी वाटतं आपल्याच आतून येतो.

स्वीडिश सोबती तसा कल्पनाशक्ती नसलेला, रोखठोक माणूस. तोच शेवटी म्हणतो की आपण एका अशा जागी येऊन पडलोय, जिथे दुसऱ्या कुठल्याशा जगाचा पडदा पातळ झालाय. त्यांना अजून आपण नक्की सापडलेलो नाही. म्हणून त्यांचा विचार करू नकोस, त्यांच्याविषयी बोलू नकोस, विचारांवरूनच ते आपल्याला हुडकतील. हे वाचून कोकणातल्या माणसाला हसू येईल. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात. आमच्या आज्यांना जे जन्मापासून ठाऊक, ते या दोघांना एका रात्रीत, खचत्या बेटावर शिकावं लागलं.

जाता जाता सांगतो. त्या भागात आता मोठं धरण आणि वीजघर आहे, आणि 1992 मध्ये डॅन्यूबचं बरंचसं पाणी कालव्याने वळवलं गेलं. त्या घुमणाऱ्या आवाजाचं काय झालं असेल, असा पोरकट प्रश्न मला पडतो खरा.

आता कॅनडाची कथा. ही 1910 सालची. रॅट पोर्टेज, म्हणजे आजचं केनोरा, त्याच्या उत्तरेचं अरण्य. मूस हरणांची शिकार करायला काही जण आलेत. त्यात स्कॉटलंडचे एक डॉक्टर आहेत. 'सामूहिक भास' या विषयावर त्यांनी पुस्तक लिहिलेलं आहे, म्हणजे पुढे जे घडेल त्याचं स्पष्टीकरण त्यांच्या खिशात आधीपासून तयार. त्यांचा पुतण्या धर्मशास्त्र शिकतोय. दोन वाटाडे, त्यातला एक फ्रेंच कॅनेडियन, नाव देफागो. आणि पंक नावाचा तिथला मूळनिवासी स्वयंपाकी.

पुतण्या आणि देफागो होडीतून पुढच्या एका एकाकी तळ्यावर जातात. रात्री शेकोटीशी देफागो गाता गाता थांबतो आणि हवा हुंगायला लागतो. तंबूत पुतण्याला जाग येते ती हुंदक्यांनी. एवढा राकट माणूस झोपेत रडतोय, तंबूच्या तोंडापासून लांब अंग चोरून. मग बाहेरून एक आवाज त्याला नावाने हाक मारतो, आणि तो उठून पळत सुटतो.

उजाडल्यावर बर्फात पावलं दिसतात. मोठ्या, गोल पावलांची एक ओळ आणि तिच्या शेजारून माणसाची. पोरगा माग काढत जातो. दोन पावलांमधलं अंतर वाढत वाढत माणसाला अशक्य इतकं होतं. आणि मग त्याच्या लक्षात येतं की माणसाची पावलं हळूहळू बदलताहेत. आकार लहानच आहे, घडण मात्र शेजारच्या पावलांसारखी होत चाललीय. थोडं पुढे दोन्ही ओळी संपतात. पुढे कोरा बर्फ. तिथे वरून ती पायांच्या आगीची हाक येते. अख्ख्या कथेत याहून भयंकर जागा मला सापडलेली नाही. पुढे देफागोसारखं दिसणारं काहीतरी शेकोटीपाशी परत येतं, ते भाग मला जरा ताणलेले वाटतात.

ज्या विंडिगो (म्हणजेच वेंडिगो) नावाच्या राक्षसावरून ही कथा घेतली, तो ओजिब्वे, क्री अशा उत्तरेकडच्या मूळनिवासी लोकांचा. त्यांचा विंडिगो रानाच्या ओढीचा नाही, भुकेचा आहे. हिवाळा लांबतो, शिकार मिळत नाही, आणि उपासमारीत माणूस माणसाला खातो. त्याचं काळीज बर्फाचं होतं. जितकं खावं तितका तो उंच वाढत जातो, म्हणून पोट भरत नाही ते नाहीच. ब्लॅकवुडने यातली भूक जवळपास काढून टाकली आणि त्या जागी स्वतःला रानात जे वाटायचं ते घातलं. कथा म्हणून जमलं. पण ज्यांची ती गोष्ट त्यांच्यासाठी ती नुसती गोष्ट नव्हती. 1907 सालीच, म्हणजे डॅन्यूबची कथा छापून आली त्याच वर्षी, ओंटारियोच्या उत्तरेला सँडी लेकजवळचा जॅक फिडलर नावाचा म्हातारा प्रमुख आणि वैदू पोलिसांनी पकडला. एक अत्यवस्थ बाई विंडिगो होईल म्हणून त्याने आणि त्याच्या भावाने तिला मारलं होतं. त्यांच्या रिवाजात हे वैदूचं काम, आणि सरकारच्या कायद्यात खून. जॅक पहाऱ्यातून निसटला आणि त्याने गळफास घेतला. भाऊ 1909 मध्ये तुरुंगात मेला.

तेव्हा रान परकं कोणाला? तिथे राहणाऱ्यांना नव्हे. ओजिब्वे माणूस पाण्यावर निघताना चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या वाटांवर एखाद्या जागी येणारा-जाणारा एक दगड किंवा झाडाची डहाळी ठेवून पुढे जातो. मालवणात तर रीतसर गाऱ्हाणं घालतात. एक जण "बा देवा म्हाराजा" म्हणून सगळी तक्रार, सगळी मागणी देवापुढे मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमचं भूतसुद्धा हिशेबातलं असतं. मुंजा कुठल्या पिंपळावर आहे ते ठाऊक, समंध कोणाच्या जमिनीवरून अडून बसलाय ते ठाऊक, चकवा लागला तर उजाडेपर्यंत जागचं हलायचं नाही तेही ठाऊक. भीती असते, भरपूर असते, पण कोणाशी बोलायचं ते माहीत असतं.

ब्लॅकवुडची माणसं सुशिक्षित, धाडसी आणि या बाबतीत अगदी अडाणी. डॅन्यूबच्या बेटावरचे ते दोघे शेवटी वाचतात ते दुसराच कोणी सापडला म्हणून. सकाळी झुडपांच्या मुळांत एका शेतकऱ्याचं प्रेत अडकलेलं मिळतं, अंगावर वाळूतल्यासारखेच नरसाळी खड्डे. बळी कोणी मागितला होता, कोणी दिला, काही कळत नाही. गाऱ्हाणं घालायचं तर नाव कोणाचं घ्यायचं?

राहता राहिला पंक. लेखकाने त्याच्या वाट्याला मोजक्या ओळी दिल्यात, आणि त्यांतल्या निम्म्या त्याच्या रक्ताविषयीच्या, तेव्हाच्या गोऱ्या माणसाने लिहाव्यात तशा. पण पहिल्या रात्री सगळे झोपल्यावर तोच एकटा उठतो, तळ्याच्या काठी जातो आणि वारा हुंगतो. पुढे बाकीचे लोक शोधाला गेलेले असतात तेव्हा मुक्काम सांभाळायला तो एकटा मागे राहतो. मंडळी परत येऊन पाहतात तर शेकोटी विझलेली. राखेशी गोठल्या पायांचा, डोकं रिकामं झालेला खरा देफागो बसलाय, आणि पंकचा पत्ता नाही. देफागो परत आला तसा तो वास त्याच्या नाकात शिरला होता. मग त्याने कोणाची वाट पाहिली नाही, डॉक्टरांच्या पुस्तकात काय लिहिलंय ते विचारलं नाही. उठला आणि घराच्या दिशेने चालायला लागला.