डीपी का जळते

[दृश्य: रावेर-यावल पट्टा, केळीच्या बागा, मागे सातपुडा]

तापी आणि सातपुडा यांच्यामधला हा केळीचा पट्टा. पाणी ट्यूबवेलचं, ठिबकवर. पाणी वर्षानुवर्षं खोल गेलं, तशी मोटारही मोठी होत गेली. मंजुरी 5 एचपीची, बोअरमध्ये साडेसात. डीपी, म्हणजे या मोटारींना वीज देणारं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), मात्र तीच, 100 केव्हीए क्षमतेची.

[दृश्य: दुरुस्ती कारखाना, चेन ब्लॉकवर वर येणारी कोअर]

जळालेली डीपी इथे उघडतात. आधी तेल उपसायचं, मग वरच्या झाकणाचे बोल्ट काढून कोअर (लोखंडी पत्र्यांचा गाभा) आणि कॉइल (तारेची वेटोळी) एकत्रच उचलायच्या. तेलाला जळकट वास येतोय, तळाशी काळा गाळ बसलाय. ही मधली कॉइल पाहा. नुसती काळी पडलेली नाही, फुगून बाहेर आली आहे. लोड जास्त झालं की कागद हळूहळू करपतो. शॉर्टसर्किटचा झटका बसला, की कॉइल अशी जागची हलते. इथे दोन्ही झालंय.

पत्र्यांचं वरचं जोखड एकेक पट्टी करून सुटं होतं. बाहेरच्या एचटी (जास्त व्होल्टेजच्या) कॉइल निघतात, आत कोअरला लगटून एलटी (कमी व्होल्टेजच्या). नवी कॉइल कागद गुंडाळलेल्या तारेची. कागद हवेतला ओलावा ओढतो, म्हणून जोडणी झाल्यावर सगळा गठ्ठा भट्टीत सुकवायचा. इथे घाई केली तर पुढची मेहनत फुकट. मग मेगरने इन्सुलेशनची तपासणी, मग रेशो, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण: 11 हजार व्होल्टच्या बाजूला एका फेजमध्ये 44 वेढे, तर एलटीला 1, तिन्ही फेजवर सारखेच. तेलाची परीक्षा वेगळी. अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन गोळ्यांमध्ये 30 हजार व्होल्टच्या आतच ठिणगी पडली, तर ते तेल नापास.

[दृश्य: शेतातला डीपी बॉक्स, किटकॅट फ्यूज]

आता मूळ दुखणं. फ्यूजमध्ये ठरलेल्या जाडीची वायर हवी. इथे अ‍ॅल्युमिनियम कंडक्टरची उकललेली तार पिळून बसवली आहे. वादळात एलटीच्या सैल तारा एकमेकींना भिडतात, तेव्हा फ्यूज उडायला हवा. तो शाबूत राहतो आणि कॉइल जाते. तारांमध्ये स्पेसर (अंतर राखणारे तुकडे) बसवले असते, तर तारा भिडल्याच नसत्या.

[दृश्य: क्लॅम्प मीटर, आकडा जवळून]

100 केव्हीएच्या डीपीला एलटी बाजूला पूर्ण लोड 133 अँपिअर. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) पाऊण असेल, तर 5 एचपीची भरलेली मोटार साधारण साडेआठ अँपिअर घेते. अशा 18 मोटारी म्हणजे 153. डीपी लोडच्या बाहेर गेली. तेच प्रत्येक मोटारीला पॉवर फॅक्टर सुधारणारा 2 केव्हीएआर क्षमतेचा कॅपॅसिटर लावला, की मीटर सातच्या आसपास येतो. 18 मोटारींचे 126. यात मोटार बदललेली नाही, पाणीही तेवढंच. कॅपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटारीबरोबर तोही बंद होतो. साडेसातला 3 केव्हीएआर. एवढ्याशा डब्यासाठी लोक का कचरतात, ते कोडंच आहे.

[दृश्य: स्टार्टर पेटी, ऑटोस्विच]

आणि हा ऑटोस्विच. लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच दमात सुरू. सुरू होताना मोटार चालू प्रवाहाच्या पाच-सहापट ओढते. काही सेकंदांसाठी डीपीवर आठ-नऊशे अँपिअर. रात्री बांधावर जायचं टळतं हे खरं, आणि ती सोय कुणाला नको? पण मग निदान टायमर लावून मोटारी मागेपुढे सुरू करायला हव्यात.

[दृश्य: सुकलेली बाग, निवेदन थोडं थांबतं]

मे महिन्यात निसवणीतल्या, म्हणजे घड बाहेर पडत असलेल्या बागेचं पाणी तुटलं, की असं होतं.

[दृश्य: रोहित्र खांबावर चढतं]

अर्थिंग तीन, वेगवेगळी: बॉडीचं, न्यूट्रलचं, लाइटनिंग अरेस्टरचं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही. न्यूट्रल कच्चं राहिलं तर घरातल्या दिव्यांवर जास्त व्होल्टेज जातं. एबी स्विच (11 हजारची लाइन तोडणारा) उघडा, लाइनला डिस्चार्ज रॉड (उरलेली वीज जमिनीत उतरवणारा) लावलेला, तेव्हाच वायरमन वर चढतो. बाकी कुणी चढायचं कारणच नाही. चार्ज करताना एलटी बंदच. आधी डीओ (एचटी बाजूचा फ्यूज) लावायचा, मग व्होल्टेज मोजायचं, आवाज ऐकायचा. मग एकेक सर्किट, आणि प्रत्येक सर्किटनंतर तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटर. एका फेजवर जास्त दिसलं, तर सिंगल फेजची जोडणी दुसऱ्या फेजवर हलवायची, तीही त्याच दिवशी.